दादाचं रक्त आणि माझी बाही

आई लिव्हरच्या कॅन्सरने गेली, तेव्हाच मी ठरवलं होतं: या घरातलं दुसरं माणूस असं जाऊ द्यायचं नाही. वर्षभरात दादाला हिपॅटायटिस बी निघालं. तेव्हापासून मी माझ्या घरून, धामणकर नाक्यावरून, रिक्षाने त्याच्या गावी अंजूरला जायचे आणि त्याला हाताला धरून डॉक्टरांकडे न्यायचे. पन्नाशीचा माणूस, पण सुईचं नाव काढलं की त्याला शेतावरचं काम आठवायचं.

मागच्या खेपेला त्याच्या रक्तात ग्रोथ फॅक्टर, म्हणजे शरीराची वाढ सांभाळणारा घटक, कमी आला. डॉक्टरांनी नीट समजावलं. तो लिव्हरमध्येच तयार होतो. कमी झाला म्हणजे लिव्हर थकलंय, आणि अशांना कॅन्सरचा धोका जास्त दिसतो. दारू बंद, गोळी रोज, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. दादाने यातलं फक्त 'कमी' एवढंच ऐकलं.

आठवड्याने गेले तर फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी इंजेक्शनच्या बाटल्या! काल्हेरच्या एका जिमवाल्याकडून आणलेल्या, ग्रोथ वाढवायच्या.

"कमी हाय तर भरून काढाचा, त्यात काय?"

माझं डोकंच फिरलं. "अरे, टेम्पोचं इंजिन तापलं तर तू तापमानाचा काटा बोटाने मागे ढकलशील का?"

बाटल्या पिशवीत टाकल्या आणि त्यालाही रिक्षात घातलं. बाटल्या बघून डॉक्टर म्हणाले, "याने लिव्हर सुधारलं नसतं. आत काही वाईट वाढत असेल, तर त्याला मात्र खतपाणी मिळालं असतं." नशीब, भीतीपोटी दादाने एकही टोचून घेतलं नव्हतं. त्या भित्रेपणाला मी पहिल्यांदाच हात जोडले.

मग तपासणीसाठी रक्त द्यायच्या खुर्चीसमोर दादा अडून बसला. "आधी तू."

"मला काय धाड भरलीय?"

"मना ह्यो आजार आयेकडून आला असंल, डॉक्टर बोलले ना? मग तू काय दुसऱ्या आयेची हायेस? तुझा कागद कुठं हाय?"

चार वर्षं मी त्याची फाईल सांभाळत होते. माझ्या नावाचा तपासणीचा एकही कागद नव्हता. खरं सांगते, मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

"घ्या," मी नर्सला म्हटलं आणि बाही वर केली. दादाने माझा दुसरा हात गच्च धरला. सुई जाताना डोळे मात्र त्यानेच मिटले.