नुसते पडून राहिलेले डोके

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला माझ्या वडिलांचे उजवे अंग लुळे पडले आणि वाचा गेली. ठाकुरवाडीच्या घाटात ते रेल्वेचे रूळ सांभाळणारे गँगमन होते. निवृत्त झाल्यावर खालापूरजवळच्या आमच्या गावी येऊन शेत बघत. आता ते पडवीतल्या खाटेवर असत. माझी बायको त्यांना भरवायची, मी रसायनीच्या कंपनीतून आलो की त्यांचे अंग पुसायचो. सेवेत आम्ही कमी पडलो नाही, असे मी लोकांना सांगत असे, आणि ते खरे आहे. पण त्याच खाटेशी बसून मी आणि माझा धाकटा भाऊ त्यांचे रस्त्याकडचे शेत विकायच्या गोष्टी करायचो, हेही खरे आहे. मुंबईच्या एका माणसाला तिथे बंगला बांधायचा होता. पहिल्या वेळी मी आवाज खाली आणला, तेव्हा भाऊ म्हणाला, "बोल रं दादा मोकळं. बाबाला आता काय कळत नाय." त्यानंतर मी मोकळेच बोलू लागलो.

वर्षाने त्यांना कंपनीतल्या एका मित्राच्या जीपमधून मुंबईच्या इस्पितळात नेले. डोक्याला तारा चिकटवून तिथे मेंदूचा आलेख काढत. वडिलांचा झाल्यावर डॉक्टरांनी विचारले, तुलनेसाठी निरोगी माणसांचे आलेख हवे आहेत, तुमचा काढू का? मी आडवा झालो. डोळे मिटा, झोपू नका, काही करू नका, एवढेच त्यांनी सांगितले. मला वाटले, मनात काही आणायचे नाही. पण मन कुठे ऐकते? ते थेट शेतात गेले. बाकीच्या जमिनीच्या वाटणीत आंब्याची बाजू कोणाकडे जाईल, बंगल्याचे फाटक कुठे येईल, भाऊ मला फसवील का, असे काय काय आले.

उठल्यावर मला राहवले नाही. माझा आलेख टाकून द्या, मी सगळा वेळ नको ते विचार करत होतो, असे मी डॉक्टरांना सांगितले. ते हसले. म्हणाले, काय विचार केलात ते या कागदावर दिसत नाही, जागे होता एवढेच दिसते. आणि विचार आले नसते तर नवल. परदेशात रक्तात किंचित किरणोत्सारी औषध सोडून मेंदूची चित्रे काढू लागले आहेत. डोळे मिटून नुसत्या पडलेल्या माणसाच्याही कपाळामागच्या भागात रक्त भरपूर धावताना दिसते. काम नसले की डोके बंद पडेल असे वाटत होते, तसे ते पडत नाही. आपले आपण चालूच राहते.

मी विचारले, "आणि वडिलांचं?"

"मेंदूच्या डाव्या बाजूला इजा मोठी आहे, म्हणून उजवं अंग लुळं पडलं. मेंदूची उजवी बाजू चांगली चालते. त्यांना किती समजतं ते हा कागद सांगणार नाही. पण बोलता येत नाही म्हणजे आत काही नाही, असं धरून चालू नका."

परतताना वडिलांचे डोके माझ्या मांडीवर होते. त्यांना सगळे कळत असावे, असे मला मनापासून वाटत होते. आणि कळत नसावे, असेही वाटत होते. कारण कळत असेल तर त्यांनी वर्षभर आमचे बोलणे ऐकले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भावाने खाटेशी बसून पुन्हा तोच विषय काढला. मी म्हणालो, बाहेर चल.

"का रं दादा? इथं कोण हाय?"

"बाबा हाय."

मग मी वडिलांकडे वळलो. आम्ही काय काय बोललो ते त्यांना पुन्हा सांगितले, काही न लपवता, आणि विचारले, "बाबा, विकू का?"

त्यांनी चांगला होता तो डावा हात उचलून, आम्हाला लहानपणी गप्प करायचे तसे बोट ओठांवर ठेवले. भाऊ उठून अंगणात गेला.

ते होते तोवर शेत विकले नाही. मी रोज त्यांच्याजवळ बसू लागलो. ते कशाचा विचार करतात हे मला कधी कळले नाही. आणि खरे सांगायचे तर, त्यांचा हात हातात असतानाही माझे मन मधूनमधून त्या शेतात जाऊन येई.