अमेरिकेचा व्हिसा आणि एक ऊस

अमेरिकेला जायचं असेल, तर आयुष्यात आपण काय चोरलं ते आधी लिहून द्यावं लागतं. मी ऊस चोरला होता.

कॉलेजात असताना आम्ही चौघांनी देवळाली प्रवराच्या रस्त्यावर, साखर कारखान्याला निघालेल्या बैलगाडीतून एक ऊस ओढला. तिघं पळाले. मी तिथंच उभा राहून खात होतो. (ऊस सोलताना पळता येत नाही.) नेमका त्याच आठवड्यात ऊसचोरांना धडा शिकवायचा हुकूम सुटलेला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

"आहे साहेब. पण ऊस फिका निघाला."

शिक्षा झाली, कोर्ट उठेपर्यंत कैद. संध्याकाळपर्यंत बाकावर बसून घरी आलो आणि कुणापाशी अवाक्षर काढलं नाही. पुढं इंग्रजीचा मास्तर झालो आणि पोरांना प्रामाणिकपणावर निबंध घालू लागलो.

त्र्याहत्तर साली अमेरिकेतल्या डॉक्टर मेव्हण्यानं आम्हा नवराबायकोला फिरायला बोलावलं. शेवंतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, भावाला नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं. पत्र आलं तशी ती मसाले कुटायला बसली.

पासपोर्टच्या चौकशीला हवालदार आला, तो नेमका सासरे आमच्याकडे जेवायला बसलेले असताना.

"मास्तर, जुन्या रजिस्टरात तुमचं नाव घावलं. कलम तीनशे एकोणऐंशी."

"म्हंजी काय?" सासऱ्यांनी विचारलं.

"चोरी, आबा."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "जावईबापू, काय चोरलं म्हनायचं?"

"ऊस."

"किती गाड्या?"

"एकच ऊस."

आता मात्र ते खरोखर नाराज झाले. "एका उसापायी घावलात?"

गुन्हा जुना आणि किरकोळ, म्हणून पासपोर्ट मिळाला. पण व्हिसाच्या फॉर्मात पुन्हा तोच प्रश्न: कधी शिक्षा झाली आहे काय? मी 'नाही' लिहायला पेन टेकवलं. शेवंतानं माझा हात धरला.

"खरं लिवा. तुमच्या थापंपायी माझं जानं हुकलं, तर बगा."

लिहिलं. आणि लिहिल्यावर घाबरलो. मग चांगल्या चालचलणुकीचे दाखले गोळा करायला लागलो. हेडमास्तर, पोस्टमास्तर, तलाठी, डॉक्टर, देवळाचे पुजारी, कुणी सोडलं नाही. अकरा दाखले झाले.

"एवढं कशाला वो?" शेवंता म्हणाली. "लोकास्नी उगाच वाटंल, लई मोठं कायतरी केलंय."

मी ऐकलं नाही. सरपंचांनी तर आपुलकीनं लिहून दिलं, 'सदर इसमाने आमच्या गावात अद्याप काहीही चोरलेले नाही.' सगळ्या दाखल्यांचं इंग्रजी भाषांतर मीच केलं. इंग्रजीचा मास्तर असल्यानं एक शब्दही गाळला नाही.

मुंबईला वकिलातीत आधी शेवंताला बोलावलं. दुभाष्यानं विचारलं, तिकडं जाऊन काय करणार? ती म्हणाली, "भावाला पोटभर जेवू घालीन अन् परत येईन. माझी म्हस व्यायची हाय." गोऱ्या साहेबानं हसून शिक्का मारला.

मग माझी पाळी. मी दुभाष्याला बाजूला सारलं.

"एक ऊस चोरलात?" साहेब म्हणाला. "असल्या किरकोळ गोष्टी आम्ही धरत नाही."

इथं मी थँक्यू म्हणून गप्प बसायला हवं होतं. मी पिशवीतून अकरा दाखले काढून टेबलावर मांडले. साहेब एकेक वाचत गेला आणि त्याचं हसू मावळत गेलं.

"तुमचे सरपंच 'अद्याप' का म्हणतात?"

"तशी पद्धत आहे."

"एका उसासाठी अकरा साक्षीदार?" त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "खरं सांगा, आणखी काय केलंय?"

मी भरभरून खुलासा केला. अर्धा तास केला. जसजसा करत गेलो, तसतसा मलाही स्वतःचा संशय यायला लागला.

शेवंता विमानात बसली. मी एस.टी.नं परत आलो आणि तीन महिने म्हशीचं शेण काढलं. गावात बातमी पसरली होती की मास्तरला अमेरिकेनं चोर म्हणून परत पाठवलं. मी ती खोडून काढली नाही. चोर म्हटल्यावर वर्गात पोरं निदान वचकून असायची. चांगल्या वर्तणुकीच्या दाखल्यांवरून हाकललं, हे कळलं असतं तर एकही पोरगं पुढं प्रामाणिकपणावर निबंध लिहायला तयार झालं नसतं.