आण्णा फेरात चहा घेत न्हाईत

कसबा बावड्याच्या खालच्या अंगाला, नदीच्या काठावर आमच्या पाणी संस्थेचं मोटरघर हाय. तिथनं पाइप निघतो आनि रानारानातनं खाली जातो. पाइपवर जागोजागी सिमेंटचं चेंबर, चेंबरात व्हॉल. त्यो व्हॉल फिरवायची लांबडी लोखंडी चावी ज्याच्या खांद्यावर, त्यो पाटकरी. कुणाच्या रानात पाणी कधी सोडायचं आनि कधी तोडायचं, ते त्यानं बघायचं. आमचं पाटकरी म्हंजे हिंदुराव आण्णा.

माझं मोटरी भरायचं दुकान हाय. जळालेल्या मोटरीची तार काढायची, नवी घालायची. दुकान मोठ्या चेंबरच्या समोरच, त्यामुळं आण्णा दिवसभर डोळ्यासमोर. शाळा मी नववीत सोडली, लिवायची सवय न्हाय. पण ह्या उन्हाळ्यात गावात आण्णांबद्दल जो त्यो कायबी बोलाय लागलाय. म्हटलं आपणच लिवून टाकू. ज्याला पटत न्हाय त्यानं दुकानात यावं, समोरासमोर बोलू.

तर फेर म्हंजे पाण्याची एक फेरी. वरच्या रानापास्नं सुरू करायची आनि नंबरानं एकेक रान भिजवत पार शेपटापर्यंत यायचं. फेर चालू असला की आण्णा कुणाच्या घरचा चहा घेत न्हाईत. जेवण तर लांबच. ह्यांच्या आधीचा पाटकरी एकाच्या घरी पोहे खाताना सापडला, आनि त्याच्याच रानात पाणी जास्त गेलं म्हणून बोंब उठली. पोह्यात शेंगदाणं किती हुतं हे सुदीक लोकांनी सांगितलं. त्याला काढला, आण्णांस्नी ठेवलं. पयल्याच दिवशी आण्णांनी देवळाच्या कट्ट्यावर सांगितलं, "फेर चालू हाय तवर मी कुणाच्या उंबऱ्याच्या आत येणार न्हाय. बोलवू नगा, राग बी मानू नगा."

लोकं खूश झाली. आनि मग बोलवायचंच इसरली.

कारण फेर एक संपला की चार दिवसांत दुसरा. बारसं न्हाय, लग्न न्हाय, साखरपुडा न्हाय. एकदा उचगावचं कुणीतरी पावणं बांधावर आलतं. त्यांनी आण्णांपुढं कप धरला.

"घ्या की."

"नको."

"का वो, साखर हाय?"

"न्हाय. फेर हाय."

पावणं मागनं मला इचारत्यात, "ह्यो कुठला रोग म्हणायचा वो?"

मी लई हसलो त्या दिवशी. आता तेवढं हसू येत न्हाय.

आण्णांची बायको वारली. एकच लेक, संयोगिता. गावातच दिलीय, तिचं रान त्याच पाइपच्या शेपटाला. नवरा चाकणला कंपनीची बस चालवतो, सणासुदीला येतो. घर, रान, दोन म्हशी सगळं हीच बघते. दोन फेरांच्या मधी जे चार दिवस मिळायचं, त्यात तिच्या घरनं आण्णांस्नी डबा यायचा. फेर सुरू झाला की डबा बंद. लेक असली तरी तिचं रान पाइपवर हाय की. मग आण्णा आपलं आपण भात टाकायचं. पण डब्याचं ते चार दिवस आण्णा दाढी करून बसायचं. आपण बघितलंय.

उन्हाळ्यात उपसाबंदी येते. धरणातलं पाणी पाऊस पडंपर्यंत प्यायला पुरलं पायजे म्हणून नदीवरनं शेतीला पाणी उचलायचं न्हाय. मोटरी बंद. मग थोडं दिवस मोकळीक, परत बंदी. यंदा बंदी लवकर आली. आदल्या दिवशी पाणी विश्वजितच्या उसात हुतं. चेंबरवर ही गर्दी. ज्याचा नंबर न्हाय त्यो बी आलता, उगच. तेवढ्यात संयोगिता आली. शेणाचं हात तसंच.

"आण्णा, मका करपाय लागलाय. दोन तास माझ्याकडं वळवा."

विश्वजित बुलेटवर बसलेला. त्यो म्हणाला, "वळवा की आण्णा. लेक हाय ती. आमी काय, आमी लोकाची."

सगळी हसली. आण्णांनी वर बघितलं न्हाय.

"नंबर न्हाय तुझा."

"म्हसरं काय खातील?"

"नंबर न्हाय, पोरी."

"आई असती तर तिला बी असंच बोलला असता?"

आण्णांनी चावी दुसऱ्या खांद्यावर घेतली. संयोगितानं चावीकडं बघितलं. "मग ऱ्हावा त्या चावीसंगं," म्हणाली आनि गेली.

मी दुकानातनं बाहेर आलो. विश्वजितला म्हटलं, "दोन तास पाणी कमी मिळालं तर तुझा ऊस कडू हुणार हाय काय रं?"

"तू तार गुंडाळ," त्यो म्हणाला.

कॉलर धरणार हुतो. आण्णांनी नुसतं "ए," म्हटलं म्हणून मागं फिरलो.

बंदी सुरू झाली. बंदीत फेर न्हाय, म्हंजे डबा यायला पायजे. पयल्या दिवशी आण्णा दाढी करून चेंबरवर येऊन बसलं. पाणी न्हाय, काम न्हाय, तरी चावी खांद्यावर. दुपार झाली. सावली पार पायाखाली आली. मी म्हटलं, "या की, माझ्यातली भाकरी खावा."

"भूक न्हाय."

दुसऱ्या दिवशी बी दाढी. मग दाढी बी बंद झाली.

पाणी चालू असताना लोकं शिव्या घालायला तरी यायची चेंबरवर. बंदीत ती बी येत न्हाईत. गाड्या जात्यात, कोण हाक मारत न्हाय. चेंबरात वाळकी पानं पडत्यात, आण्णा वाकून काढत्यात आनि परत बसत्यात. मी गाणी लावायचो मोबाइलवर, मोठ्यानं. आण्णांस्नी गाण्यातलं काय कळत न्हाय, पण बंद केलं की म्हणायचं, "संपलं व्हय?"

एक दिवस टेम्पोतनं संयोगिताची एक म्हैस गेली. वैरण न्हाय म्हणून तिनं ती राधानगरीकडं नणंदेच्या गावाला पाठवली, तिकडं अजून हिरवं मिळतं. टेम्पो चेंबरवरनंच गेला. आण्णा उठून उभं ऱ्हायलं.

"कुठली गेली रं?"

"मोठ्या शिंगाची."

"गाभण हाय ती."

लग्नात आण्णांनीच रेडी दिलती, तीच ती म्हैस.

त्याच आठवड्यात संयोगिताच्या कडबाकुट्टीची मोटर बघायला गेलतो. ती म्हणाली, "कशाला दुरुस्त करतोस? कापायला काय हाय? दुसरी म्हैस गेली की घराला कुलूप लावतो आनि चाकणला जातो. हितं कुणासाठी ऱ्हायचं?"

"आण्णा हाईत की."

"त्यांस्नी चावी हाय."

मी येऊन आण्णांस्नी जसंच्या तसं सांगितलं. मला लपवाय येत न्हाय. आण्णांनी चावी खांद्यावरनं काढली, चेंबरला टेकून ठेवली, आनि बोललं.

"मोकळीक लागणार हाय. माझ्या रानाचा नंबर शेवटच्या दिवशी दुपारी येतोय. तिच्यापर्यंत फेर काय जाईत न्हाय, त्याच्या आधी परत बंदी. माझा नंबर तिला दिला तर मका उठंल."

"आनि तुमचा ऊस?"

"हाय ते हाय."

"मग द्या की. चावी तुमच्याच हातात."

आण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, जसा काय मीच पोहे खाऊन आलोय. आमच्या हितं नंबर असा देत न्हाईत. देणाऱ्यानं आनि घेणाऱ्यानं चेंबरवर यायचं, तिसऱ्याच्या देखत एकमेकाच्या तोंडावर बोलायचं. एकानं 'दिला' म्हणायचं, दुसऱ्यानं 'घेतला'. निरोप चालत न्हाय, फोन चालत न्हाय. निरोपावरनं मागं डोकी फुटल्यात.

"ती तुमच्याशी बोलत न्हाय," मी म्हटलं.

"तेच म्हणतोय मी."

म्हंजे पाणी हुतं, नंबर हुता, द्यायची इच्छा हुती. एक शब्द नव्हता.

मी गेलो संयोगिताकडं. सांगितलं सगळं. तिनं घमेलं खाली ठेवलं.

"सांग त्यांस्नी, भीक नको."

"भीक कसली? त्यांचा ऊस वाळणार हाय ह्यात!"

"वाळू दे. माझा मका वाळला तवा कोण रडलं?"

"एक शब्द बोलायचाय. घेतला म्हणायचं, बास."

"त्योच न्हाय माझ्याकडं."

मी दार आपटून आलो. दार तिचंच हुतं, पण आपटलं.

मोकळीक लागली. आण्णा नंबरानं पाणी देत खाली आलं. शेवटच्या दिवशी दुपारी त्यांच्या आधीच्याचं तोडलं आनि माझ्या दुकानासमोरच्या चेंबरातला स्वतःच्या रानाचा व्हॉल खोलला. न खोलून काय करणार, वर मोटर चालू. पाणी त्यांच्या सरीत शिरलं. माणसाच्या रानात इतक्या दिवसांनी पाणी आलं तर त्यो पाण्याकडं बघंल. आण्णा रस्त्याकडं बघत हुतं. सहाला मोटर बंद हुणार हुती. विश्वजित बी आलता, पुढची बंदी किती दिवसाची ते इचारायला.

"काय आण्णा, स्वतःचं पाणी बी गोड लागंना व्हय?"

मी पाना उचलला. तेवढ्यात ती आली.

खांद्यावर खोरं, पदर खोचलेला. आण्णांच्या समोर, चेंबरच्या त्या अंगाला उभी ऱ्हायली. आण्णांनी माझ्याकडं बघितलं, म्हंजे तिसरा मी. मग तिच्याकडं.

"माझा नंबर तुला दिला."

ती चावीकडं बघत हुती. मग मान वर केली आनि मोठ्यानं म्हणाली, "हिंदुराव पाटकऱ्याचा नंबर घेतला."

आमच्यात लेक बापाचं नाव घेत न्हाय. सगळा गाव त्यांस्नी आण्णा म्हणतो, बारकी पोरं सुदीक. विश्वजित बुलेटवरनं खाली उतरला.

आण्णांनी मान हलवली. "बराबर हाय," म्हणालं. वाकून आपला व्हॉल बंद केला, चावी काढली, आनि शेपटाच्या चेंबरकडं चालाय लागलं. त्यांच्या सरीत निम्म्यापर्यंत गेलेलं पाणी तिथंच जिरलं.

ती सगळी दुपार रानात दारं धरत हुती, एकेक सरी भरली की खोऱ्यानं पाणी पुढच्या सरीत वळवत. आण्णा तिच्याच बांधावर चावी घेऊन उभं. दोघांच्या मधी दहा-पंधरा सऱ्या.

उन्हं उतरल्यावर ती दुकानात आली. गुडघ्यापर्यंत चिखल. तिनं टेबलावर थर्मास ठेवला.

"चहा हाय. मोटर बंद झाली की दे. त्याच्या आधी घेणार न्हाईत."

मला राग हुताच. म्हटलं, "आण्णांस्नी आण्णा म्हणायला काय जात हुतं गं?"

ती थर्मासाचं झाकण उगच घट्ट करत बसली.

"आण्णा म्हटलं असतं तर तितंच रडलो असतो. त्या विश्वजितच्या म्होरं? सांगू नको त्यांस्नी."

सांगितलं न्हाय मी. लिवू नको असं काय ती म्हणाली नव्हती.

सहाला मोटर थांबली. पाइपातनं हवा गेल्यासारखा आवाज आला आनि सगळं शांत झालं. आता बंदी. फेर न्हाय. मी थर्मास नेऊन दिला. आण्णांनी इचारलं न्हाय कुणाचा ते. झाकणात ओतला, फुकला.

"गरम हाय," म्हणालं.

सगळा प्यालं. शेवटचा घोट लई वेळ तोंडात धरला. मग थर्मास माझ्याकडं केला. "देऊन ये."

"मी न्हाय. फेर न्हाय आता. तुमीच जावा."

आण्णा थर्मास घेऊन घरला गेलं. धुतला असंल, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत घालून निघालं तवा चकचकीत हुता. दाढी बी केलती. संयोगिताच्या वळणापर्यंत गेलं आनि परत आलं.

"दिला?"

"झोपली असंल."

"म्हसराची बाई दहा वाजता झोपती व्हय?"

चेंबरवर बसलं. चावी खांद्यावर, पिशवी मांडीवर. दुसऱ्या दिवशी परत तेच. मी दुकानातनं बघतोय. मका तिकडं उठलाय, लांबनं हिरवा दिसतोय. म्हैस दावणीलाच हाय, कुलूप लागलेलं न्हाय. इकडं आण्णांचा ऊस निम्मा पिवळा. डबा अजून आलेला न्हाय आनि थर्मास अजून गेलेला न्हाय. ती म्हणत असंल, थर्मास घेऊन येतील तवा बघू. हे म्हणत असतील, डबा येईल तवा देऊ. दोघं एकाच रक्ताची.

आज सकाळी आण्णा निघालं तसा मी आडवा गेलो आनि खांद्यावरची चावी काढून घेतली.

"आरं, आरं!"

"बंदीत चावीचं काय काम? नुसता थर्मास घेऊन जावा."

आण्णांचा हात खांद्यावर गेला. तितं काय नव्हतं. माझ्याकडं बघितलं, वाटलं आता एक ठेवून देतील. मग पिशवी दुसऱ्या हातात घेतली आनि चालाय लागलं. वळणावर थांबलं. वाकून चप्पल नीट केली. परत माझ्याकडं बघितलं.

"जावा की वो!" मी वरडलो. रस्त्यावरची दोन माणसं दचकली.

गेलं. आता दुपार झालीय. अजून आलं न्हाईत. चावी माझ्या दुकानात भिंतीला उभी हाय.