पाणी न मारलेली मेथी

माझी थोरली बहीण, आक्का, गेल्याचा निरोप मोताळ्याला एसटीच्या कंडक्टरनं आणला. "धाडची तुमची भागीरथाबाई गेली... ताप डोक्यात गेला म्हनतेत," एवढं बोलून त्यानं घंटी ओढली. मिळाली त्या गाडीनं मी निघाले, आणि माती द्यायच्या आत कशीबशी पोचले.

तिथं जे ऐकलं त्याचा संताप इतक्या आठवड्यांनीही उतरलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "भागीरथाबाईंनी सारं दुःख आनंदानं सोसलं, कधी कुरकुर केली नाही." आणि माझा सख्खा मोठा भाऊ कबरीपाशी डोळे पुसत म्हणाला, "लय सोशीक होती आमची भागी." सोशीक! सोसायला लावलं कोणी?

आम्ही माळी, भाजीपाला पिकवून बाजारात बसणारे. आक्काचा नवरा आजारी पडला तेव्हा दवाखान्यातल्या एका ख्रिस्ती नर्सबाईंनी त्याचं सगळं केलं. तो वाचला नाही, पण आक्का त्या बाईंबरोबर चर्चला जाऊ लागली, आणि महाराष्ट्र राज्य झालं त्याच सुमाराला तिनं बाप्तिस्मा घेतला. दादानं, त्याच आमच्या मोठ्या भावानं, तिला घरातून तोडलं. तेवढ्यानं त्याचं पोट भरलं नाही. बाटलेल्या बाईच्या हातचं पाणी चालायचं नाही, असं त्यानं धाडच्या बाजारभर पसरवलं. भाजी चालेल म्हणे, पाणी नाही! आता पाणी मारल्याशिवाय मेथी टिकते का? आक्कानं लोट्याला हात घातला की गिऱ्हाईक पुढं सरकायचं. शेवटी तिनं पाणी मारणंच सोडलं. शेजारणींचे ढीग हिरवेगार, आणि हिची मेथी दुपारपर्यंत माना टाकून बसलेली.

"कांदे आण, लसूण आण. मेथीच काऊन?" मी विचारायची.

"माह्या मळ्यात मेथी चांगली येते म्हून," ती म्हणायची. उरलेल्या जुड्या घरी नेऊन शिजवायची, वस्तीतल्या लेकरांना भाकरीवर वाढायची, आणि वाढताना गायची. वर्षातून एकदा, चर्चच्या हंगामाच्या सणाला, तीच मेथी भरपूर पाणी मारून वेदीपुढं ठेवायची. त्या दिवशी तिचं तोंड नव्या नवरीसारखं व्हायचं. मला मात्र तिचं गाणं ऐकलं की अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा मी ओरडलेच, "तुले राग येत नाही काऊन व?"

"येत नाही कसा? रोज येते. सकाळी विहिरीवर पहिले देवाशी भांडतो मी. दादाचं नाव घेऊन भांडतो. माह्याकडं काऊन पाहत नाही तू, असं तोंडावर विचारतो त्याले. समदं भांडून झालं का मंग गाणं येते. त्याच्या आंधी नाही येत."

"अन् नाहीच आलं तर?"

"तर उद्या पुन्हा भांडतो. तो काई पळून नाही जात."

मुक्कामाला असले की ते भांडण मी माझ्या कानांनी ऐकायची. पहिल्या वर्षी ती दादाचं वाटोळं मागत होती. पुढं पुढं त्याच भांडणात दादाच्या लेकरांसाठीही काहीबाही मागू लागली... कधीपासून, ते तिलाही सांगता आलं नसतं. तो आनंद तिनं रोज भांडून मिळवलेला होता. आणि ही माणसं म्हणतात, कुरकुर केली नाही! मेल्यावर तिचं भांडणही काढून घेतलं हो त्यांनी.

ताप येण्याआधी तिनं मेथी पेरली होती, तिला पाणी द्यायला मी आक्काच्याच घरी राहिले. ती परवा काढायला आली. काढली, जुड्या बांधल्या, तिच्याच विहिरीचं पाणी तिच्या लोट्यात भरलं आणि धाडच्या बाजारात तिच्या जागेवर जाऊन बसले. समोरून दादा येत होता. तो जवळ येईपर्यंत थांबले आणि मग ढिगावर सपासप पाणी मारलं. जुडी उचललेल्या एका बाईनं विचारलं, "कोनाच्या विहिरीचं पानी व हे?"

"भागीच्या," मी दादाकडं बघत म्हणाले.

बाईनं जुडी खाली ठेवली. दादा मान खाली घालून निघून गेला. दुपारी ढीग तसाच होता, एक जुडी खपली नव्हती, पण एकही पान सुकलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी विहिरीवर मीही भांडून आले होते... कुठल्या देवाशी, मला माहीत नाही. गाणं काही आलं नाही. तिचा लोटा मी घरी आणला नाही, विहिरीच्या काठावरच ठेवला आहे. उद्या पुन्हा जाते आहे भांडायला.