बाबांचे नवे गुडघे

जुन्या जालन्यातल्या एका कापड दुकानात बाबांनी चाळीसेक वर्षं मांडी घालून साड्या विकल्या. पांढऱ्या गादीवर बसायचं, मागच्या फळीवरून घडी ओढायची आणि मनगटाच्या एका झटक्यात ती गिऱ्हाइकापुढे उलगडायची. त्यात गुडघे गेले. शेवटी तर त्यांना गादीवरून उठवायला दोघं लागत. मग दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलायचं ठरलं.

ऑपरेशननंतर महिनाभर मी घनसावंगीहून माहेरी येऊन राहिले. सकाळ-संध्याकाळ त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायचं काम माझ्याकडे.

"दहा झाले ना?" ते विचारत.

"आठच झालेत."

"इतकी काटेकोर कवापासून झालीस गं?" म्हणत कण्हतकुथत पुन्हा टाच मागे ओढत.

तीन महिन्यांनी मी पुन्हा पंधरा दिवस माहेरी आले, तेव्हा त्यांना घेऊन तपासणीला गेलो. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, बाबांना चालायला लावलं, जिना चढायला लावला. बाबा कठड्याला हात न लावता चढले.

"काका, दुखतं का?"

"बिलकुल न्हाई."

"मग समाधानी आहात ना?"

बाबा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मांडी कवा घालता येईल?"

मांडी घालणं, खाली बसणं आता टाळायचंच, असं डॉक्टरांनी समजावलं. ऑपरेशनच्या आधीही त्यांनी हे सांगितलं होतं, पण दुखण्यापुढे आम्ही कुणी ते मनावर घेतलं नव्हतं.

घरी आल्यावर आई म्हणाली, "एवढं चांगलं चालता येऊन राह्यलं, अन् तोंड काहून पाडलं?"

"चालून कुठं जाऊ? माझं काम बसायचं हाय."

 

दुकानाचं नाव काढणंच बाबांनी सोडलं. आठवड्यानं शेठच घरी आले. दोघं साधारण एका वयाचे.

"उद्यापासून ये दुकानात."

"गादीवर बसता येत न्हाई शेठ."

"मंग उभा राह्य. पोरं नुसत्या घड्या फेकून राह्यलेत. गिऱ्हाइकाशी बोलायला कुणी न्हाई."

पहिल्या दिवशी मी सोबत गेले. बाबा गादीपुढे अवघडून उभे होते. हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. आष्टीकडचं एक कुटुंब लग्नाचा बस्ता बांधायला आलं होतं. नवरीच्या मावशीला एकही साडी पसंत पडेना. बाबा बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी ढिगातून एक डाळिंबी साडी ओढली, पदर स्वतःच्या खांद्यावर टाकला आणि सरळ दुकानाच्या दारात जाऊन उभे राहिले.

"इकडं उन्हात या मावशी. खरा रंग इथं कळतो."

मिशीवाल्या माणसाच्या खांद्यावर तो जरीचा पदर बघून आधी नवरी हसली, मग सगळेच. मावशी उठून दारात आल्या, पदर हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"हीच द्या."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. पुष्कळ दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा दिसला.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. लग्नात पंगत बसली की त्यांचं पान टेबलावर वाढतात, आणि ते खाली मांडी घालून जेवणाऱ्यांकडे बघत राहतात. "डॉक्टरनं पास केलं, पण पुरते मार्क न्हाई दिले," असं म्हणतात.

पण आता संध्याकाळी ते आईसोबत भाजीला जातात. इतकी वर्षं ती एकटीच जायची. परवा मी माहेरी आले होते, तेव्हा गॅलरीतून दोघांना येताना पाहिलं. बाबा झपाझप पुढे, आई पिशवी घेऊन बरीच मागे.

"अहो, जरा हळू! मागं कुणी हाय का न्हाई?"

बाबा थांबले, मागे वळून तिच्यापर्यंत गेले आणि तिच्या हातातली पिशवी घेतली.