स्नेहमीलनासाठी काढलेली मिशी

घनश्याम नगपुरेच्या तोंडून कुणाबद्दल बरा शब्द ऐकलाय, असा माणूस बालाघाटात दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. त्याचं बिछायत केंद्र होतं. मंडप, खुर्च्या, गाद्या, मोठाली पातेली, स्टेज, सगळं भाड्यानं. या धंद्यात माणसं फार जवळून दिसतात. पोरीच्या बिदाईला ढसाढसा रडणारा बाप दुसऱ्या दिवशी दोन पातेली कडब्यात लपवतो, आणि ज्याचा स्टेजवर सत्कार झाला तो पुढारी जाताना स्टेजवरचीच फुलदाणी गाडीत टाकायला लावतो, हे सगळं त्यानं पाहिलेलं. त्यामुळे जग म्हणजे लुच्च्यांचा बाजार, हे त्याचं मत चाळिशीच्या आतच पक्कं झालं होतं आणि ते तो समोरच्याला न विचारता सांगायचा.

असल्या माणसाला कॉलेजच्या जुन्या मित्रांनी मेळाव्याच्या कमिटीत घेतलं, ते काही त्याचा गोड स्वभाव पाहून नव्हे. कॉलेजातून बाहेर पडून वीस वर्षं होत होती, तेव्हा सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांनी डिसेंबरातल्या एका शनिवार-रविवारी बालाघाटला जमायचं ठरलं. शिकलेले सगळे गाव सोडून पळालेले. मग मंडप कोण टाकणार, आचारी कोण शोधणार, स्टेशनवरून पाहुणे कोण आणणार? घनश्याम. त्याला ‘लोकल को-ऑर्डिनेटर’ असं नाव दिलं. ‘हमाल’ म्हटलं असतं तर निदान खरं बोलल्याचं पुण्य लागलं असतं.

कमिटीचा अध्यक्ष महेंद्र. पुण्याला कुठल्याशा कंपनीत मोठा साहेब. कॉलेजात असताना हा तिरोडीहून बसनं यायचा आणि सगळ्यांच्या डब्यात हात घालायचा. आता त्याची भाषा धुऊन इस्त्री केल्यासारखी झाली होती. सांस्कृतिक कार्यक्रम गीताकडे. तिचा नवरा रायपूरला अधिकारी, आणि अधिकारी आपणच आहोत अशा थाटात ती बोलायची. दर रविवारी दुपारी मोबाईलवर यांची मीटिंग. घनश्याम गोदामात गाद्यांच्या थप्पीवर बसून ऐकायचा.

काय एकेक बेत! सकाळी तलावाकाठी झुम्बा. ज्यांना जिना चढताना धाप लागते ते झुम्बा करणार. मग पोत्यात पाय घालून शर्यत. मग हट्टा गावच्या जुन्या बावडीला, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीला, ‘हेरिटेज वॉक’. वॉक कसली, बसनं जायचं, पायऱ्यांवर फोटो काढायचे आणि परत बसमध्ये बसायचं. टी-शर्ट निळा की मरून, यावर इतकी भांडणं झाली की दोन जण ग्रुप सोडून गेले आणि लोकांनी विनवण्या करून त्यांना परत आणलं. जुन्या सरांचा सत्कार होता, पण त्यांनी बोलायचं नाही, नुसती शाल घ्यायची, कारण बोलले तर जेवण थंड होतं. प्रत्येक पाहुण्याला चिन्नोर तांदळाची चिमुकली पिशवी द्यायची, रिबन बांधून. ज्यांच्या बापानं जन्मभर धान रोवलं, त्यांची पोरं मूठभर तांदूळ रिबन बांधून घेणार! घनश्यामला हसू आवरेना. तो फोनचा आवाज बंद करून मनसोक्त शिव्या द्यायचा आणि परत चालू करून “हौ, हौ, होऊन जाईन” म्हणायचा.

अशाच एका रविवारी गीता म्हणाली, “घनश्याम भैया, शनिवार शाम को कुछ लोकल टच चाहिए. कुछ अपनी मिट्टी का.”

आणि घनश्यामच्या तोंडून निघून गेलं, “माझे बाबा दंडारीत नाचायचे. त्यांचा तासभराचा कार्यक्रम ठेवा.”

बोलला आणि त्याचा त्यालाच अचंबा वाटला. कारण याच मंडळींनी त्याला कॉलेजात सळो की पळो करून सोडलं होतं. त्याचा बाप प्रेमलाल खैरलांजीकडच्या गावातला, दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते तेव्हा दंडारीत, म्हणजे रातभर चालणाऱ्या नाच-सोंगांच्या खेळात, बाईचं सोंग घ्यायचा. साडी नेसून, पायात चाळ बांधून अख्खी रात्र गाव नाचवायचा. लोक त्याला बघायला बैलगाड्या जुंपून येत. पण कॉलेजच्या पोरांना एवढंच कळलं, की घनश्यामचा बाप साडी नेसतो. मग काय विचारता! वर्गात शिरला की मागच्या बाकावरून टाळी वाजायची. महेंद्र कमरेवर हात ठेवून ठुमकून दाखवायचा. गीता तोंडाला ओढणी लावून खिदळायची. घनश्यामनं हे गिळलं, पण पचलं कधीच नाही. आता याच लोकांना समोर बसवावं, त्यांनी गपगुमान बघावं आणि शेवटी उभं राहून टाळ्या वाजवाव्यात, एवढं एकच त्याला हवं होतं.

“वाव! फिक्स,” महेंद्र म्हणाला.

दंडारीचा रिवाज असा, की बोलावणं तोंडी चालत नाही. पानावर सुपारी ठेवून द्यावी लागते, आणि एकदा उचलली की घरात मयत असली तरी नाचावं लागतं. घनश्याम त्याच संध्याकाळी पान-सुपारी घेऊन गावी गेला. प्रेमलालचं वय सत्तरीपुढचं. दंडार मोडून बरीच वर्षं झालेली. ढोलकीवाला वारला, पोरं डीजेच्या मागे लागली. तेव्हापासून त्यानं मिशी राखली होती, चांगली झुपकेदार, पांढरीशुभ्र. त्यानं पानाकडे पाहिलं, मग पोराकडे पाहिलं.

“तू घेऊन आला?”

“हौ. कॉलेजवाल्याइनं बोलावलं. पण बाबा, ते फालतू हासवाचं काढून टाका. वाकडं चालनं, डोळे मारनं, ते नाही. नुसती कला दाखवाची.”

“मंग नाचू काय, डोंबल?” प्रेमलाल म्हणाला, पण सुपारी उचलली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मिशी काढली. सुपारी घेतली की लगेच मिशी काढायची, हाही त्यांचा नेमच. मिशीखालची कातडी फिकट असते, तिला ऊन दाखवून बाकीच्या तोंडासारखी करावी लागते, नाहीतर पावडर लावली की ओठावर पट्टा दिसतो.

आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाची मिशी गेली म्हणजे घरात कुणीतरी गेलं. सकाळपासून अंगणात माणसं यायला लागली. “कोन गेलं गा, प्रेमलाल?” एक म्हातारी तर दारातूनच रडत आली. मैनाबाई, घनश्यामची आई, कपाळाला हात लावून बसली. “मी चांगली धडधाकट बसली आन् ह्या माणसानं मिशी काढली! लोकं माह्याच तोंडाकडं पाहून राह्यले, का हे मेली का नाही म्हून.” आणि प्रेमलाल सगळ्यांना तोंड भरून सांगत होता, कोणी गेलं नाही, पोराच्या कॉलेजात नाच आहे, मोठमोठे साहेब येऊन राह्यले. म्हाताऱ्याच्या चालीत जोर आला. मैनाबाईची जुनी साडी त्यानं स्वतः धुतली, वाळवली, गादीखाली घडी दाबून ठेवली.

इकडे मीटिंगमध्ये कात्री चालू झाली. कुणाला तरी कराओके हवं होतं, तेव्हा तासाचा अर्धा तास झाला. मग रॅम्प वॉक आला. हो, रॅम्प वॉक! चाळिशीतल्या बायका-पुरुषांनी लाल सतरंजीवरून चालून दाखवायचं, आणि सतरंजी घनश्यामची. अर्ध्या तासाचं एका गाण्यापुरतं झालं. घनश्याम दर वेळी “जमवतो” म्हणाला. जगाला शिव्या घालणारा हा माणूस इथं कसा काय गप्प बसला, देव जाणे. बापाच्या ओठावर मिशी नव्हती, तेच कारण असावं.

मेळाव्याच्या आदल्या आठवड्यात महेंद्र आणि गीता जागा पाहायला स्वतः आले. वैनगंगेच्या बाजूच्या लॉनवर घनश्यामनं बांबू उभे केले होते. महेंद्रनं गॉगल कपाळावर चढवला आणि हात फिरवत सांगू लागला. इथं स्टेज, इथं चाट काउंटर, इथं डीजे.

“बाबांचं कुठं?” घनश्यामनं विचारलं.

“हां, ते!” महेंद्र खूष होऊन म्हणाला. “ऐक ना, स्टेजला वेळच उरत नाहीये. पण गीतानं काय मस्त काढलंय. गेटपाशी आपण गावाचा सेल्फी पॉइंट करतोय. बैलगाडी, कंदील, सूप. तिथं काकांना साडीत उभं करायचं. लोक येता-जाता फोटो काढतील. नाचायचीही दगदग नाही बघ म्हाताऱ्याला.”

“बहुत फनी लगेगा,” गीता म्हणाली. “और एक बोर्ड भी रहेगा, ‘हमारी गाँव वाली हीरोइन’.” आणि तिनं हसताना तोंडाला ओढणी लावली, अगदी वीस वर्षांपूर्वीसारखी.

घनश्यामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “तुमचा मेळावा गेला चुलीत!” तो असा ओरडला की बांबू बांधणारे खाली उतरले. “अबे, माझ्या बापानं रातभर दहा गावं खिळवून ठेवली, अन् तुम्ही त्याले बुजगावणं करून राह्यले? तू बे महेंद्र, दुसऱ्याच्या डब्यातलं खाऊन मोठा झाला अन् मले लोकल टच शिकवते! अन् तुम्ही, मॅडम, वीस वर्षं झाली, दात अजून तसेच बाहेर! नाही येत माझा बाप. जा, काय करता ते करा.”

गीता गाडीकडे निघून गेली. महेंद्र क्षणभर ओशाळला, पण असली माणसं ओशाळली तरी फार वेळ तशी राहत नाहीत. त्यानं फोन काढला, बाजूला जाऊन बोलला आणि परत येऊन घनश्यामच्या खांद्यावर हात ठेवला. “रिलॅक्स यार. काकांना नको तर नको. गोंदियाचा इव्हेंटवाला एक पोरगा देतोय, साडी नेसून उभा राहायला. मंडपाचं मात्र बघ हं.”

म्हणजे रागसुद्धा वाया गेला. पण गावाकडे मोटारसायकल हाकताना घनश्यामला तसं वाटत नव्हतं. वीस वर्षं घशात अडकलेलं आज थुंकून टाकलं होतं, तेही तोंडावर. बापाला कधी एकदा सांगतो असं त्याला झालं होतं.

अंगणात प्रेमलाल साडी नेसत होता. मैनाबाई खाली बसून निऱ्या धरत होती आणि पुटपुटत होती, की माझ्या निऱ्या लग्नातसुद्धा कोणी अशा धरल्या नव्हत्या. घनश्यामनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी काय म्हटलं, आपण काय म्हटलं, महेंद्रचं तोंड कसं झालं, सगळं तिखटमीठ लावून.

प्रेमलालनं शेवटपर्यंत ऐकलं. “म्हंजे कार्यक्रम गेला?”

“गेला नाही, मी लाथ मारली.”

“लाथ तुई होती. सुपारी माई होती.”

“बाबा, ते तुमाले नुसतं उभं करणार होते! गेटवर! कुत्र्यावानी!”

“उभा राह्यलो असतो,” प्रेमलाल म्हणाला. “उभ्या उभ्या एकाले डोळा मारला असता, दुसऱ्याले टोमणा हाणला असता. चार लोक थांबले असते, चाराचे चाळीस झाले असते. मंग कोणाच्या बापाची ताकद होती मले नाचू न देवाची? मंडईत का पहिले गादी टाकून देत होते आमाले? फोन लाव त्याले. म्हण, म्हातारा येते म्हून.”

“त्यानं दुसरा पोरगा पाह्यला,” घनश्याम म्हणाला. मग त्याला पुन्हा राग आला, कुणाचा ते त्याला कळेना. “तुमाले समजून नाही राह्यलं, बाबा. ते हासणार होते तुमच्यावर!”

मैनाबाईच्या हातातून निऱ्या सुटल्या.

“हासाले नाही तं कायले नाचतो मी?” प्रेमलालचा आवाज चढला नाही. “सारी जिंदगी लोकं हासले मावर. पोट धरधरून हासले. मी घरी येऊन सुखानं झोपलो. एक तूच कधी हासला नाही, घनश्याम. एवढासा होता तवापासून पाहून राह्यलो. समोर बसे, अन् मी आलो का खाली मान घाले. हे सुपारी घेऊन आला तं मले वाटलं, यंदा हासशीन.”

प्रेमलालनं सुटलेली साडी गोळा करून हातावर घेतली आणि ती फेडायला तो आत गेला.