गेटच्या आतली सायकल

४ डिसेंबर. सोसायटीच्या गेटवर ‘बाहेरच्यांना सायकल चालवण्यास मनाई’ अशी सूचना चिकटवायचं काम माझ्याकडे आलं. बाहेरचा एकच होता. साठीतला, रोज सकाळी आमच्या इमारतींभोवती फेऱ्या मारणारा. चढावर थांबून तो छातीवर हात ठेवायचा, मग घंटी वाजवून स्वतःलाच निघायला सांगायचा.

सूचना वाचून तो म्हणाला, “ताई, बायपास झाल्यावर डॉक्टरनी सांगितलं म्हनून या वयात सायकल शिकलो. बाहेर डंपर हायत. जाऊ कुठं?”

“नियम आहे, काका.”

“माझ्याच शेतात हाय तुमचं गेट. जमिनीची सही केली तवा बिल्डरनी हितंच हार घातला मला.”

५ डिसेंबर. सकाळी मी सूचना फाडली आणि गेट उघडून उभी राहिले. तो आला आणि आत न वळता रस्त्यावरच्या डंपरच्या कडेने सरळ पुढे गेला. मी गेट लावून घेतलं.